कल्चर रिपोर्टवर नुसता ‘आर’ नको, एन्झाइमचे नावही हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पेशंटच्या अंगाला औषधांची सवय झाली, म्हणून आता काही लागू पडत नाही,’ हे वाक्य रुग्णालयाच्या व्हरांड्यात नेहमी कानावर येते. प्रतिजैविकांवरच्या बातम्यांतही हाच समज डोकावतो. सवय अंगाला होत नसते. औषध निकामी होते ते जंतूमुळे. पुष्कळदा त्यामागे जंतूने बनवलेले एक ठरावीक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, असते. त्याला नाव असते आणि ते तपासून दाखवता येते. रुग्णांच्या रक्त, लघवी, थुंकी आणि जखमांमधून रोज जंतू वेगळे काढणाऱ्यांच्या वतीने एकच मागणी मांडायची आहे. कल्चर रिपोर्टवर, म्हणजे जंतू वाढवून केलेल्या तपासणीच्या अहवालावर, औषधापुढे ‘आर’ (औषध चालत नाही; चालते तिथे ‘एस’) लिहिले की काम संपत नाही. ते औषध कोणत्या एन्झाइमने मोडले हेही रिपोर्टवर यायला हवे, कारण पुढचे औषध त्यावरून ठरते आणि शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला किती धोका आहे हेही त्यावरूनच कळते.

पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम, अ‍ॅझट्रिओनाम या सगळ्या औषधांच्या गाभ्यात चार अणूंचे एक कडे असते. त्याला बीटा-लॅक्टम कडे म्हणतात. चारच अणूंचे असल्यामुळे ते ताणलेले असते, आणि त्या ताणामुळेच ते जंतूची पेशीभिंत विणणाऱ्या प्रथिनांना पक्के चिकटते. विणकाम थांबले की भिंत कमकुवत होते आणि जंतू फुटतो. बीटा-लॅक्टमेज एन्झाइमे याच कड्यात पाण्याचा एक रेणू घालून ते उघडतात. उघडलेले कडे पुन्हा मिटत नाही. एन्झाइम मात्र खर्ची पडत नाही. एक रेणू मोडला की ते लगेच पुढच्याकडे वळते. त्यामुळे ‘डोस वाढवून बघू’ हा विचार इथे बहुधा फसतो, विशेषतः जिथे जंतूंची संख्या मोठी असते तिथे, म्हणजे पू साचलेल्या ठिकाणी किंवा न्यूमोनियात.

हा प्रकार नवा नाही. एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी १९४० साली ई. कोलाय या जंतूच्या अर्कात पेनिसिलिन नष्ट करणारे एन्झाइम असल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा पेनिसिलिन रुग्णालयांत पोचलेही नव्हते. नंतर स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये पेनिसिलिनेज पसरले. आज या जंतूच्या बहुतेक नमुन्यांत ते असते. प्रयोगशाळेत ते डोळ्यांनी दिसते. १० युनिट पेनिसिलिनच्या डिस्कभोवती (औषध शोषलेल्या कागदी चकतीभोवती) जंतू न वाढलेले जे वर्तुळ पडते त्याची कड बघायची. कड हळूहळू विरळ होत गेली असेल तर एन्झाइम नाही. कड कापल्यासारखी तीक्ष्ण असेल आणि तिच्यावर जंतूंचा दाट थर दिसत असेल तर एन्झाइम आहे. अशा वेळी वर्तुळाचा व्यास २९ मिमी किंवा त्याहून जास्त भरला, म्हणजे आकड्याने औषध चालते असे निघाले, तरी रिपोर्ट ‘आर’ द्यावा लागतो. नुसती मोजपट्टी लावली असती तर इथे चुकीचे उत्तर मिळाले असते. एन्झाइम शोधायचे कशाला, असे विचारणाऱ्यांना हे एवढे उदाहरण पुरावे.

ग्राम-निगेटिव्ह जंतूंची, म्हणजे ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारख्या बाहेरून आणखी एक आवरण असलेल्या जंतूंची, गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १९६०च्या दशकात टेम-१ हे एन्झाइम प्लाझ्मिडवर आढळले. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा छोटा गोल तुकडा. तो एका जंतूकडून दुसऱ्याकडे, इतकेच काय एका जातीकडून दुसऱ्या जातीकडे जाऊ शकतो. टेम-१ अ‍ॅम्पिसिलिन मोडायचे, पण सेफोटॅक्सिम, सेफ्टॅझिडिमसारखी तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स त्याला झेपत नव्हती. ती औषधे वापरात आली आणि १९८३ मध्ये जर्मनीतून त्यांनाही मोडणाऱ्या एन्झाइमची नोंद झाली. एसएचव्ही-१ या जुन्या एन्झाइममधल्या २३८व्या जागेवरचे ग्लायसीन हे अमिनो आम्ल जाऊन तिथे सेरीन आले, एवढ्या एका बदलाने एसएचव्ही-२ तयार झाले आणि मोठ्या रेणूलाही आत जागा झाली. अशा एन्झाइमांना ईएसबीएल म्हणतात. आज सगळ्यांत जास्त दिसणारे सीटीएक्स-एम कुटुंब मात्र टेम किंवा एसएचव्हीतून आलेले नाही. त्याचे जनुक क्लुव्हेरा या निसर्गात राहणाऱ्या, क्वचितच आजार करणाऱ्या जंतूच्या गुणसूत्रावरून उचलले गेले आणि प्लाझ्मिडवर चढले.

ईएसबीएल पकडण्याची पद्धत साधी आहे, पण हात काटेकोर हवा. शुद्ध वाढीतला जंतू सलाइनमध्ये ०.५ मॅकफारलँड (गढूळपणाचे प्रमाणित माप) इतका गढूळ करायचा आणि १५ मिनिटांच्या आत म्युलर-हिंटन अगार या जंतू वाढवण्याच्या माध्यमाच्या ४ मिमी जाडीच्या प्लेटवर पसरायचा. त्यावर सेफोटॅक्सिम ३० मायक्रोग्रॅमची डिस्क आणि सेफोटॅक्सिम ३० व क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल १० मायक्रोग्रॅम अशी जोड-डिस्क ठेवायची. सेफ्टॅझिडिमचीही अशीच जोडी. ३५ अंशांवर १६ ते १८ तासांनी व्यास मोजायचे. दोनपैकी कोणत्याही एका जोडीत क्लॅव्ह्युलॅनिक आम्लामुळे वर्तुळ ५ मिमी किंवा जास्त वाढले तर ईएसबीएल आहे. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल स्वतः जंतू फारसे मारत नाही. एन्झाइम त्याला औषध समजून धरते आणि मग त्याच्यापासून सुटत नाही, तेवढ्यात खरे औषध आपले काम करून घेते. प्रत्येक नव्या लॉटसोबत क्लेबसिएला न्युमोनिए एटीसीसी ७००६०३ (जंतू-संग्रहातला क्रमांक) हा ईएसबीएल असलेला आणि ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हा नसलेला, असे दोन्ही नियंत्रण जंतू लावायलाच हवेत. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल नाजूक असते. डिस्कची बाटली फ्रीजमधून काढून थंड असतानाच उघडली तर हवेतली वाफ डिस्कवर जमते आणि आम्ल निकामी होते. मग वर्तुळ वाढत नाही आणि ईएसबीएल असूनही ‘नाही’ असा रिपोर्ट जातो. बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, या साध्या नियमामागे हे कारण आहे.

दुसरी फसगत एम्पसी या एन्झाइमची. हेही सेफॅलोस्पोरिन्स मोडणारे बीटा-लॅक्टमेजच. त्याला क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल अडवत नाही, उलट काही जंतूंत त्याचे उत्पादन वाढवते. एकाच जंतूत एम्पसी आणि ईएसबीएल दोन्ही असतील तर वरच्या चाचणीत ईएसबीएल झाकले जाते. सेफेपिम हे सेफॅलोस्पोरिन एम्पसीने सहज मोडत नाही, म्हणून संशय असेल तिथे सेफेपिम आणि सेफेपिम-क्लॅव्ह्युलॅनिक अशी जोडी लावून बघावी. एन्टरोबॅक्टर क्लोएसी, क्लेबसिएला एरोजिनिस, सिट्रोबॅक्टर फ्रॉइंडी यांच्या गुणसूत्रावर एम्पसी मुळातच असते, पण दबलेले. पहिल्या रिपोर्टवर सेफ्ट्रिॲक्सोन (तेही तिसऱ्या पिढीचे सेफॅलोस्पोरिन) ‘एस’ येते, औषध सुरू होते, ताप उतरतो. काही दिवसांनी ताप परत चढतो आणि नव्या कल्चरमध्ये तोच जंतू ‘आर’ दिसतो. पहिला रिपोर्ट खोटा नव्हता. कोट्यवधी जंतूंपैकी काहींत एम्पसीला दाबून ठेवणारे जनुक बिघडलेले असते. औषधाने बाकीचे मेले आणि हे उरले. म्हणून या तीन जंतूंचे नाव आले की गंभीर संसर्गात ‘एस’ असूनही सेफ्ट्रिॲक्सोन टाळावे, अशी ओळ रिपोर्टच्या तळाशी असली पाहिजे. ती बहुतेक ठिकाणी नसते.

२०१० मध्ये अमेरिकेच्या सीएलएसआय या मानक संस्थेने सेफॅलोस्पोरिन्सच्या मर्यादा, म्हणजे जंतू ‘एस’ की ‘आर’ हे ठरवणारे आकडे, खाली आणल्या आणि उपचारासाठी ईएसबीएलची वेगळी चाचणी नेहमी करण्याची गरज नाही असे सांगितले. आकडा जे सांगतो ते लिहा, यंत्रणेत शिरू नका, असा त्यामागचा विचार होता. तो आम्हाला पूर्ण पटत नाही, आणि कारण नंतरच्याच एका अभ्यासात आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मेरिनो या रुग्णांवरच्या उपचार-चाचणीत सेफ्ट्रिॲक्सोनला दाद न देणाऱ्या ई. कोलाय आणि क्लेबसिएलाचा रक्तसंसर्ग झालेल्या रुग्णांना दोन गटांत विभागले होते. एका गटाला पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम आणि दुसऱ्याला मेरोपेनेम हे कार्बापेनेम दिले. ३० दिवसांत पहिल्या गटातले १२.३ टक्के आणि दुसऱ्यातले ३.७ टक्के रुग्ण दगावले. भाग घेताना हे जंतू पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमला ‘एस’ ठरलेले होते. नंतर जंतूंची पुन्हा तपासणी झाली तेव्हा असे दिसले की त्यांतल्या काहींत ईएसबीएलच्या जोडीला ऑक्सा-१ हे आणखी एक एन्झाइम होते. टॅझोबॅक्टम या एन्झाइम अडवणाऱ्या घटकाला ते फारसे जुमानत नाही. औषध लावलेल्या पट्टीच्या नेहमीच्या चाचणीने त्यांतले काही चुकून ‘एस’ वाचले गेले होते. नीट तपासून ‘आर’ निघालेले जंतू वगळल्यावर दोन गटांतला फरक कमी झाला. याचा अर्थ आकडा खरा असला तरी मर्यादेच्या काठावर तो डगमगतो. तिथे कोणते एन्झाइम आहे याची माहिती हाताशी असणे गरजेचे ठरते.

आता कार्बापेनेम. इमिपेनेम, मेरोपेनेम ही औषधे ईएसबीएल आणि एम्पसी दोघांपुढे टिकतात. म्हणून आयसीयूत त्यांचा वापर वाढला, आणि त्यांना मोडणारी एन्झाइमेही आली. व्हीआयएम १९९७ मध्ये इटलीतल्या व्हेरोनात सापडलेल्या जंतूत होते. केपीसीचा पहिला नमुना अमेरिकेत १९९६ मध्ये वेगळा काढला गेला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्सा-४८ इस्तंबूलमध्ये २००१ साली मिळालेल्या क्लेबसिएलात होते. एनडीएम-१ स्वीडनमध्ये एका रुग्णाच्या जंतूत २००८ मध्ये सापडले. या चौघांचा परिणाम रिपोर्टवर एकसारखाच दिसू शकतो, मेरोपेनेमपुढे ‘आर’. पण उपचार चौघांचे एक नाहीत, आणि आमचा सगळा आग्रह या मुद्द्यावर आहे.

केपीसी आणि ऑक्सा-४८ यांच्या गाभ्यात सेरीन असते. एनडीएम, व्हीआयएम आणि आयएमपी यांच्या गाभ्यात जस्ताचे आयन असतात, म्हणून त्यांना मेटॅलो एन्झाइमे म्हणतात. एव्हिबॅक्टम हे एन्झाइम अडवणारे रसायन सेरीनला धरून बसते, त्यामुळे सेफ्टॅझिडिम-एव्हिबॅक्टम केपीसी आणि ऑक्सा-४८ दोघांवर चालते. जस्ताच्या एन्झाइमवर त्याचा काही परिणाम होत नाही. मेरोपेनेम-व्हॅबोरबॅक्टम केपीसीवर उत्तम चालते, पण व्हॅबोरबॅक्टम ऑक्सा-४८ला रोखत नाही. एनडीएमबाबत आणखी एक पेच आहे. अ‍ॅझट्रिओनाम हे औषध एनडीएमला मोडता येत नाही. मग तेच का देऊ नये? कारण एनडीएम असलेल्या जंतूत बहुधा सीटीएक्स-एमही असते आणि ते अ‍ॅझट्रिओनाम मोडते. सीटीएक्स-एमला एव्हिबॅक्टमने गप्प केले की अ‍ॅझट्रिओनाम मोकळे होते. म्हणून सेफ्टॅझिडिम-एव्हिबॅक्टम आणि अ‍ॅझट्रिओनाम एकत्र, एकाच वेळी देण्याची पद्धत आली. अ‍ॅझट्रिओनाम-एव्हिबॅक्टम या तयार जोडीला २०२४ मध्ये युरोपात मान्यताही मिळाली. इथेही डोळे मिटून चालता येत नाही. एनडीएम असलेल्या काही ई. कोलायमध्ये पेशीभिंत विणणाऱ्या पीबीपी-३ या प्रथिनात चार अमिनो आम्ले जास्तीची घुसलेली असतात. अ‍ॅझट्रिओनाम त्याला नीट चिकटत नाही आणि ही जोडी कमी पडते. म्हणून जोडीची एकत्रित चाचणी प्रयोगशाळेने करून द्यावी.

कार्बापेनेम मोडणारे एन्झाइम आहे का, हे बघायला महागडे यंत्र लागतेच असे नाही. एमसीआयएम नावाची चाचणी कोणत्याही कल्चर प्रयोगशाळेत होऊ शकते. २ मिली ट्रिप्टिक सोय ब्रॉथ (जंतू वाढवण्याचे द्रव माध्यम) घ्यायचा. त्यात रात्रभर वाढलेला जंतू १ मायक्रोलिटर मापाच्या लूपभर (जंतू उचलण्याचे छोटे कडे) घालायचा. स्युडोमोनास असेल तर १० मायक्रोलिटरचा लूप वापरायचा. १० ते १५ सेकंद घुसळून त्यात मेरोपेनेम १० मायक्रोग्रॅमची डिस्क पूर्ण बुडवायची आणि ३५ अंशांवर ४ तास ठेवायची. एन्झाइम असेल तर तेवढ्या वेळात ते डिस्कमधले औषध मोडून टाकते. मग ती डिस्क काढून ई. कोलाय एटीसीसी २५९२२ ताज्या पसरलेल्या प्लेटवर ठेवायची आणि १८ ते २४ तासांनी बघायचे. वर्तुळ ६ ते १५ मिमी असेल, किंवा १६ ते १८ मिमी असून आत टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती दिसत असतील, तर एन्झाइम आहे. १९ मिमी किंवा जास्त स्वच्छ वर्तुळ असेल तर नाही. मधले १६ ते १८ मिमी, आत काही नसेल तर, अनिर्णित. ६ मिमी म्हणजे खुद्द डिस्कचाच व्यास, म्हणजे औषध शिल्लकच राहिले नाही.

यातल्या चुकाही ठरलेल्या आहेत. डिस्क नळीतून काढताना लूपने नळीच्या आतल्या कडेला दाबून जास्तीचा द्रव निथळू द्यायचा असतो. तो राहिला तर प्लेट ओली होऊन वर्तुळाची कड पसरते. मेरोपेनेमची डिस्क जुनी किंवा दमट असेल तर तिच्यातले औषध आधीच उतरलेले असते. मग एन्झाइम नसतानाही वर्तुळ लहान येते आणि रुग्णावर नको तो शिक्का बसतो. ई. कोलायचा थर जास्त दाट पसरला तरी वर्तुळ आकसते आणि हीच चूक होते. म्हणून रुग्णाच्या जंतूसोबत एन्झाइम असलेला आणि नसलेला असे दोन ओळखीचे जंतू रोज लावावेत. अ‍ॅसिनेटोबॅक्टरसाठी ही चाचणी प्रमाणित नाही. तिथे बहुधा ऑक्सा-२३ असते आणि ते शोधायला जनुकाची किंवा वेगळी चाचणी लागते.

एन्झाइम जस्ताचे आहे का हे कळण्यासाठी दुसरी नळी लावायची. तीत ०.५ मोलर ईडीटीए २० मायक्रोलिटर घालायचे, बाकी सगळे तसेच. ईडीटीए जस्त ओढून घेते आणि एन्झाइम लुळे पडते. वर्तुळ पहिल्या नळीपेक्षा ५ मिमी किंवा जास्त वाढले तर मेटॅलो. पहिली नळी होकारार्थी असेल तेव्हाच दुसरीला अर्थ आहे. आणि जंतूत एनडीएम व ऑक्सा-४८ दोन्ही असतील तर जस्त काढूनही दुसरे एन्झाइम काम करत राहते आणि चाचणी ‘मेटॅलो नाही’ म्हणून फसवते. हे दुहेरी जंतू आता मुळीच दुर्मीळ राहिलेले नाहीत. अशा वेळी वसाहतीवरून साधारण १५ मिनिटांत निकाल देणारी पट्टी किंवा पीसीआर (जनुक शोधणारी चाचणी) वापरावा. नेहमीच्या किटमध्ये केपीसी, एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी आणि ऑक्सा-४८ अशी पाच कुटुंबे बघितली जातात. निकाल नकारार्थी आला याचा अर्थ ‘या पाचांपैकी नाही’ एवढाच घ्यावा. ईएसबीएल असलेल्या क्लेबसिएलाच्या बाहेरच्या आवरणातली दारे, म्हणजे पोरिन्स, बंद झाली तरी मेरोपेनेम आत शिरत नाही आणि ‘आर’ येते. तिथे कार्बापेनेमेज, म्हणजे कार्बापेनेम मोडणारे एन्झाइम, नसते. ही माहिती रुग्णासाठी आणि वॉर्डासाठीही वेगळी आहे, कारण बंद पडलेली पोरिन प्लाझ्मिडवर बसून दुसऱ्या जंतूकडे जात नाही.

ऑक्सा-४८बद्दल थोडे अधिक सांगायला हवे. ते कार्बापेनेम हळू मोडते. त्यामुळे मेरोपेनेम ‘एस’च्या मर्यादेतही दिसू शकते आणि सेफ्टॅझिडिमवर तर त्याचा स्वतःचा परिणाम नगण्य. सोबत ईएसबीएल नसेल तर असा जंतू रिपोर्टवर निरुपद्रवी दिसतो आणि वॉर्डात निवांत पसरतो. एर्टापेनेम या बाबतीत जास्त संवेदनशील सूचक आहे. मेरोपेनेम चालते पण एर्टापेनेम चालत नाही असे दिसले की प्रयोगशाळेने तिथेच थांबून चाचणी लावावी.

बीटा-लॅक्टमेजांपलीकडची एन्झाइमे थोडक्यात. अमिनोग्लायकोसाइड औषधांवर काही एन्झाइमे अ‍ॅसिटिल, फॉस्फेट किंवा न्यूक्लिओटाइड गट चिकटवतात आणि औषध रायबोसोमला (जंतूची प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेला) बसेनासे होते. अमिकासिन मुद्दाम एक साखळी जोडून बनवले गेले, म्हणून ते यांतल्या पुष्कळांतून सुटते. जेंटामायसिन ‘आर’ आणि अमिकासिन ‘एस’ असे दिसते त्याचे कारण हे. पण जेंटामायसिन, टोब्रामायसिन, अमिकासिन तिन्हींच्या डिस्कला जंतू अगदी चिकटून वाढला असेल, वर्तुळ मुळीच नसेल, तर आर्मए किंवा आरएमटी प्रकारच्या मिथाइलट्रान्सफरेजचा संशय घ्यावा. ही एन्झाइमे औषधाला हात लावत नाहीत, रायबोसोमच बदलतात, आणि अनेकदा एनडीएमच्याच प्लाझ्मिडवर बसून येतात. एएसी-६-१बी या एन्झाइमच्या ‘सीआर’ प्रकारात फक्त दोन अमिनो आम्ले बदलली आहेत, तेवढ्याने ते सिप्रोफ्लॉक्सासिनवरही अ‍ॅसिटिल गट चढवू लागले. फॉस्फोमायसिन ईएसबीएल असलेल्या ई. कोलायच्या मूत्राशयातल्या संसर्गावर चांगले काम करते. क्लेबसिएलाच्या गुणसूत्रावर मात्र ते निकामी करणारे फॉसए एन्झाइम बहुधा असतेच, म्हणून ई. कोलायचा नियम तिथे लावू नये. कोलिस्टिन या औषधाविरुद्धचे एमसीआर-१ हे एन्झाइम २०१५च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. कोलिस्टिनची चाचणी डिस्कने करूच नये. रेणू मोठा असल्याने तो अगारमध्ये नीट पसरत नाही आणि ‘एस’ खोटे येते. ब्रॉथ मायक्रोडायल्युशन, म्हणजे औषधाच्या वेगवेगळ्या प्रमाणांच्या द्रवात जंतू वाढवून बघणे, ही संदर्भ पद्धत. कुणाच्या रिपोर्टवर डिस्कने काढलेले कोलिस्टिन दिसले तर त्याबद्दल जरूर विचारावे.

हे सगळे नमुना नीट असेल तरच. रक्त प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी घ्यावे. प्रौढ रुग्णात प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली, दोन वेगवेगळ्या जागांवरून दोन संच. २-३ मिली रक्तात जंतू सापडण्याची शक्यता खूपच घटते, आणि एकाच जागेवरचा एकच संच असेल तर सापडलेला जंतू रक्तातला की कातडीवरचा हे सांगता येत नाही. कॅथेटर असलेल्या रुग्णाची लघवी पिशवीतून कधीच घेऊ नये, नळीवरच्या नमुना घेण्याच्या जागेतून घ्यावी. २ तासांत प्रयोगशाळेत पोचत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवावी. काढलेल्या मूत्र-कॅथेटरचे टोक कल्चरला पाठवू नये. त्यावर जे वाढते ते संसर्गाबद्दल काही सांगत नाही. जखमेचा स्वॅब आधी जखम सलाइनने धुऊन मग खोलवरून घ्यावा.

आणि जंतू सापडला म्हणजे आजार आहेच असे नाही. ताप नाही, लक्षणे नाहीत, पण बऱ्याच दिवसांच्या कॅथेटरमधल्या लघवीत एनडीएम असलेला क्लेबसिएला वाढला, तर तो नुसता वस्तीला असण्याची शक्यता मोठी. त्याला औषध देऊन तो जात नाही, फक्त आतड्यातले बाकीचे जंतू मरतात आणि एनडीएमवाल्याला मोकळे रान मिळते. अशा रुग्णाला औषध नको, पण वेगळे ठेवणे, हातमोजे, गाऊन आणि हातांची स्वच्छता मात्र पूर्ण हवी. ही वस्ती आतड्यात कित्येक महिने राहू शकते, म्हणून डिस्चार्ज कार्डावर एन्झाइमचे नाव लिहिलेले असले पाहिजे. पुढच्या रुग्णालयाला ते पहिल्याच दिवशी कळले तर गुदद्वाराचा स्वॅब घेऊन लगेच काळजी घेता येते.

वॉर्डातला प्रसार शोधताना फक्त जंतूच्या जातीकडे बघणे ही फार मोठी चूक होते. एका रुग्णात एनडीएमचा क्लेबसिएला, आठवड्याने शेजारी एनडीएमचा ई. कोलाय, पुढे सिट्रोबॅक्टर. तीन वेगळे जंतू, म्हणून तीन वेगळ्या घटना, असे कागदावर लिहिले जाते. प्रत्यक्षात एकच प्लाझ्मिड तीन जातींत फिरलेले असू शकते. नोंदवहीत एन्झाइमचा रकाना असेल तरच हे लक्षात येते. त्याचा उगम अनेकदा हात धुण्याच्या बेसिनमध्ये असतो. नाल्याच्या वाकड्या नळीत साचलेल्या पाण्यात जंतूंचा चिकट थर धरतो. उरलेले सलाइन, नळीवाटे द्यायचे अन्न किंवा प्रतिजैविकांचे द्रावण तिथे ओतले की त्या थराला खुराकही मिळतो आणि निवडही होते. तोटीची धार थेट जाळीवर पडत असेल तर शिंतोडे साधारण मीटरभर उडतात. म्हणून हात धुण्याच्या बेसिनमध्ये दुसरे काहीही ओतू नये, धार जाळीवर पडणार नाही अशी तोटी बसवावी आणि बेसिनपासून मीटरभराच्या आत इंजेक्शने तयार करू नयेत.

रुग्णालयांकडे शेवटची विनंती अँटिबायोग्रॅमची. कोणत्या वॉर्डात कोणत्या जंतूवर कोणते औषध किती टक्के चालते, याचा हा वार्षिक तक्ता. तो करताना प्रत्येक रुग्णाचा, प्रत्येक जातीचा त्या वर्षातला पहिलाच नमुना मोजावा. एकाच रुग्णाची दहा कल्चरे मोजली तर तक्ता बिघडतो. ३० पेक्षा कमी नमुने असतील तर त्या जंतूची टक्केवारी छापू नये. आयसीयूचा तक्ता बाकी वॉर्डांपासून वेगळा ठेवावा, आणि त्यात मेरोपेनेमला ‘आर’ असलेल्या जंतूंपुढे एनडीएम किती, ऑक्सा-४८ किती, दोन्ही किती आणि एन्झाइमशिवाय किती, हे चार आकडे द्यावेत. कल्चर यायच्या आधी, पहिल्या काही तासांत औषध निवडणाऱ्या डॉक्टरला या चार आकड्यांचा जेवढा उपयोग होतो, तेवढा बाकीच्या तक्त्याचा होत नाही. आपल्या वार्ताहरांनीही अशा बातमीच्या वेळी रुग्णालयाला जंतू कोणता, एन्झाइम कोणते, नमुना कशाचा आणि रुग्णाला संसर्ग होता की नुसती वस्ती, एवढे विचारावे आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे छापावे.

आपले,
सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत काम करणारे वाचक